घरचा जेलीफिन, विकतचा व्हीपीएन आणि गावची लाईन

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दारव्हा तालुक्यात गावच्या घरी जुन्या डेस्कटॉपवर जेलीफिन (घरचे व्हिडिओ-गाणी दुसऱ्या मशीनवर बघू देणारं सर्व्हरचं सॉफ्टवेअर) लावलाय, त्यात लग्नाच्या डीव्हीड्या, वडिलांच्या मंडळाच्या खंजिरी भजनाचं रेकॉर्डिंग, घरचे व्हिडिओ असा दीड टीबीचा माल आहे. तुम्ही पुण्यात, राउटरवर ८०९६ पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून तिथून बघत होते आणि बरं चाललं होतं. मग कोणीतरी सांगितलं की सर्व्हर उघडा पडलाय, व्हीपीएन टाका, म्हणून एका कंपनीचा दोन वर्षांचा प्लॅन घेऊन सर्व्हरवर चालू केला, आणि तेव्हापासून पुण्यातून जेलीफिन उघडतच नाही. व्हीपीएन बंद केला की उघडतं. आता दर वेळी वडिलांना फोन करून बंद-चालू करायला लावून राहिले, आणि विचारून राहिले की दोन्ही सोबत चालवायचे कसे.

मी हिंगणघाटकडे नेटवर्किंग अन कॅमेऱ्याचं काम करतो, बारा-तेरा वर्षं झाली. पोरगं पुण्याला नाहीतर हैदराबादला, आईवडील गावात आणि घरी एक डब्बा चालू, अशी बरीच घरं मी बसवून दिली आहेत, म्हणून जे सांगतो ते हातानं केलेलं सांगतो. आणि पहिले हे सांगतो की तुमची सेटिंग चुकलेली नाही. व्हीपीएन हा एकच शब्द दोन उलट्या कामांसाठी वापरतात, तिथे गोंधळ झालाय. एक व्हीपीएन घरातून बाहेर जाण्याचा रस्ता बदलतो, तोच तुम्ही विकत घेतला. दुसरा बाहेरून घरात येण्यासाठी खाजगी रस्ता करून देतो, तुम्हाला पाहिजे होता तो. पहिला घेऊन दुसऱ्याचं काम होत नाही, उलट पहिला दुसऱ्याची वाट अडवतो.

अडवतो कसा ते नीट बघा, कारण हे एकदा कळलं की पुढचं सगळं आपोआप कळते. तुम्ही पुण्यात मोबाईलवर जेलीफिन उघडता, तुमची मागणी गावच्या राउटरवर येते, राउटर ती ८०९६ वर सर्व्हरकडे देतो. इथपर्यंत सगळं ठीक. पण सर्व्हरला उत्तर पाठवायचं असते तेव्हा तो बघतो की माझा बाहेर जायचा मुख्य रस्ता कोणता, आणि व्हीपीएन चालू असल्यामुळे तो रस्ता राउटरकडे नाही, बोगद्याकडे, म्हणजे व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरकडे जाणाऱ्या बंद रस्त्याकडे असतो. उत्तर तिकडे निघून जाते. कोणी पुढच्या दारात उभं राहून हाक मारली आणि तुम्ही मागच्या दारानं निघून वावरातून फिरून भलत्याच गल्लीत जाऊन ओ दिली, तर हाक मारणारा पुढच्या दारातच उभा राहील ना, तसं. तुमच्या मोबाईलनं यवतमाळ जिल्ह्यातल्या पत्त्याला विचारलं होतं, दुसऱ्याच पत्त्यावरून काही आलं तरी तो ते घेणार नाही, आणि बहुतेक वेळा ते कंपनीच्या सर्व्हरवरच टाकून दिलं जाते. त्यात किल स्विच चालू असला तर बोगद्याशिवाय बाकी सगळं बंदच. म्हणजे व्हीपीएन त्याचं काम बरोबर करून राहिला, फक्त ते काम तुम्हाला नको होतं.

आता सुरक्षेचं. तो प्लॅन घेतल्यानं तुमचा उघडा पोर्ट काही बंद झाला नाही. ८०९६ वर जेलीफिन साधं एचटीटीपी बोलतो, म्हणजे बाहेरून लॉगिन करताना पासवर्ड मधल्या रस्त्यावर उघडाच जातो, आणि जगातला कोणीही त्या लॉगिन पानापर्यंत पोचू शकतो. यावर बाहेर जाणारा व्हीपीएन काहीच करत नाही. काही कंपन्या आपल्या बाजूनं पोर्ट फॉरवर्डिंग देतात, पण सगळ्या देत नाहीत, मुलवॅडनं तर २०२३ मध्ये ही सोय काढूनच टाकली, आणि जिथे आहे तिथेही तुम्ही परत एक उघडा पोर्टच ठेवून राहिले, फक्त दुसऱ्याच्या पत्त्यावर. अजून एक गोष्ट लोकांना माहीत नसते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला नियम काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायची, त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्ड यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून नेले. ॲपमध्ये इंडिया निवडलं तरी मशीन सिंगापूरला नाहीतर युरोपात असू शकते. गावातून पुण्याला जायचं भजन आधी समुद्रापार जाऊन यायचं, मग अटकणार नाही तर काय. व्हीपीएन वापरणं आपल्याकडे बेकायदा नाही हेही सांगून ठेवतो, कारण घरचे लोक या शब्दालाच घाबरतात.

मी तुमच्या जागी असतो तर सर्व्हरवरून तो विकतचा व्हीपीएन काढला असता, राउटरवरचं ८०९६ चं फॉरवर्डिंग पुसलं असतं आणि सर्व्हरवर टेलस्केल, म्हणजे आपली मशीनं आपसात जोडणारा तो दुसऱ्या प्रकारचा व्हीपीएन, टाकलं असतं. टेलस्केल आतून वायरगार्ड नावाचा व्हीपीएनच आहे, आणि वायरगार्ड २०२० पासून, ५.६ आवृत्तीपासून, लिनक्सच्या कर्नेलमध्येच (गाभ्यातच) आहे, म्हणजे काही ऐऱ्यागैऱ्याचं सामान नाही. सर्व्हर, तुमचा मोबाईल, लॅपटॉप, सगळे एकाच खात्यात घ्यायचे, प्रत्येकाला १०० नं सुरू होणारा एक पत्ता मिळतो, आणि पुण्यातून त्या पत्त्यापुढे ८०९६ टाकलं की जेलीफिन उघडते. राउटरवर एकही पोर्ट उघडावा लागत नाही. आणि हा व्हीपीएन सर्व्हरचा मुख्य रस्ता बदलत नाही, फक्त १०० वाल्या पत्त्यांपुरता वेगळा रस्ता टाकतो, म्हणून आलेल्या मागणीचं उत्तर आलेल्या वाटेनंच परत जाते. जेलीफिन निवडला ते चांगलंच केलं, तो पूर्ण फुकट आहे. प्लेक्स या तशाच सॉफ्टवेअरवर एप्रिल २०२५ पासून घरचाच माल बाहेरून बघायचा तरी पैसे लागतात.

मग कोणी म्हणेल की नुसतं वायरगार्डच का नको. चालते, मी स्वतः माझ्या घरी तेच वापरतो. पण त्याला घरी पब्लिक, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता लागतो आणि तो मिळेल की नाही हे तुमच्या कनेक्शनवर आहे. तुमचा पोर्ट चालत होता म्हणजे आज तुम्हाला पब्लिक पत्ता आहे, पण खेड्यात कनेक्शन बदलत राहते, एक केबलवाला दुसऱ्याला धंदा विकतो आणि एका सकाळी सगळे ग्राहक एकाच पत्त्यामागे टाकलेले असतात. ओळखायचं सोपं आहे, राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता बघा आणि गुगलवर स्वतःचा आयपी विचारा, दोन्ही सारखे तर पब्लिक. वॅनचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या घरातला असला, नाहीतर १० नं सुरू होणारा असला, तर तुम्ही सामायिक पत्त्यामागे आहात आणि पोर्ट फॉरवर्ड करून काहीच होणार नाही, कितीही डोकं फोडा. घरी एअरफायबरसारखं बिनतारी कनेक्शन असेल तर बहुतेक असंच निघते. दुसरी भानगड म्हणजे पब्लिक पत्ता असला तरी तो बदलतो. त्यावर डीडीएनएसचं, म्हणजे बदलत्या पत्त्याला जोडलेलं कायमचं नाव घेतलं तरी वायरगार्ड ते नाव फक्त सुरू होतानाच विचारतो, नंतर घरचा पत्ता बदलला की तो जुन्या पत्त्यावरच ठोकत बसतो, त्यासाठी वेगळी स्क्रिप्ट लावावी लागते. टेलस्केलमध्ये ही डोकेदुखी नाही, म्हणून दूर राहणाऱ्याला मी तेच सांगतो.

टेलस्केल लागलं आणि तरी व्हिडिओ अटकून राहिला तर पहिले हे बघायचं की जोडणी सरळ आहे की रिलेवरून, म्हणजे टेलस्केलच्या मधल्या सर्व्हरवरून. टेलस्केलची स्टेटस कमांड दिली की त्यात डायरेक्ट किंवा रिले लिहून येते. दोन्हीकडे सामायिक पत्ता असला की कधीकधी दोन मशीन एकमेकांना थेट सापडत नाहीत आणि मग मधला रिले वापरला जातो, तो मेसेज-फाईलला ठीक आहे, पण व्हिडिओ म्हटलं की कमी पडतो. मागच्या वर्षी समुद्रपूरकडे एका घरी हेच झालं. पोरगा बंगलोरला, घरी नेटवर लोड नाही, नेटची लाईन चांगली, तरी चित्र फुटून राहिलं. स्टेटसमध्ये बघितलं तर रिले. मी राउटरच्या पानावर गेलो तर आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत, ज्यात सामायिक पत्त्याची गरज नसते) बंद करून ठेवलेलं, बसवणाऱ्यानं कधीतरी बंद केलं असेल. चालू केलं, राउटर एकदा बंद करून लावला, पाच मिनिटांत स्टेटसला डायरेक्ट आलं आणि तिकडे चित्र साफ. आपल्याकडच्या मोबाईल नेटवर्कवर आयपीव्ही६ चांगलं पसरलंय, म्हणून घरी ते मिळत असेल तर बंद ठेवू नका. आयपीव्ही६ पण नाही आणि सरळ जोडणीही होत नाही, अशा वेळी मुंबईतला एखादा छोटा भाड्याचा सर्व्हर घेऊन त्याच्यावर वायरगार्ड बसवायचा, घर आणि तुम्ही दोघंही तिथे जोडायचे. खर्च आहे, पण शेवटचा हमखास उपाय तोच.

वायरगार्ड स्वतः बसवलाच तर एक गोष्ट लक्षात ठेवा, यात माझा पूर्ण आठवडा गेला होता. एका घरी वायफायवर सगळं छान चालायचं आणि मोबाईल डेटावर गेलं की लॉगिनचं पान यायचं, पोस्टर अर्धे यायचे आणि व्हिडिओ दाबला की नुसतं चाक फिरत राहायचं. पिंग जायचा, पासवर्ड चालायचा, म्हणून मी जेलीफिनमध्येच चूक शोधत बसलो. चूक डेटाच्या पाकिटाच्या मापात होती. वायरगार्ड १४२० चं माप धरतो, मोबाईल नेटवर्कच्या रस्त्यात तेवढं मोठं पाकीट मावत नव्हतं, आणि ते मधेच हरवत होतं. लहान पाकिटं, म्हणजे लॉगिन वगैरे, आरामात जायची. दोन्ही टोकांना एमटीयू, म्हणजे हेच माप, १२८० केला आणि त्याच मिनिटाला व्हिडिओ सुरू झाला. टेलस्केल स्वतःहूनच १२८० वापरते म्हणून त्याच्यात हे दिसत नाही. लॉगिन होते पण चालत नाही, असं कोणी म्हटलं की मी आता पहिले एमटीयू बघतो.

पुण्याच्या बाजूचं थोडक्यात. अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतो, म्हणून विकतचा व्हीपीएन मोबाईलवर पण असेल तर टेलस्केल चालू केल्यावर तो बंद होणार, ती बिघाडाची खूण नाही. टीव्हीवर बघायचं असेल तर अँड्रॉइड टीव्हीची काडी घ्या, तिच्यावर टेलस्केल आणि जेलीफिन दोन्ही बसतात. सॅमसंग-एलजीच्या स्वतःच्या सिस्टीमवर टेलस्केलचं ॲप नाही. आणि नुसत्या वायरगार्डवर जाणार असाल तर गावच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१ असा ठेवू नका, कारण पुण्याच्या रूमवरचा राउटरही बहुतेक १९२.१६८.१ च असतो, मग मोबाईलला कळतच नाही की हा पत्ता इथला की गावचा. घरचं १९२.१६८.५७ करून टाका नाहीतर दुसरा कोणताही आडवळणाचा आकडा घ्या.

तरी तुम्हाला त्या विकतच्या व्हीपीएनचं सर्व्हरवर खरंच काही काम असेल, ते तुम्ही लिहिलं नाही म्हणून मी धरून नाही चालत, तर त्याला अख्ख्या मशीनवर बसवू नका. डॉकर (ॲप वेगळ्या बंद खोक्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) वापरत असाल तर ग्लूटन नावाचा कंटेनर आहे, विकतचा व्हीपीएन त्याच्यात टाकायचा आणि ज्या एका ॲपला बाहेरचा पत्ता पाहिजे तेवढंच त्याच्या नेटवर्कला जोडायचं. जेलीफिन त्याच्या बाहेर, टेलस्केल थेट मशीनवर. मग दोन्ही सोबत चालतात आणि एकमेकांच्या आड येत नाहीत, तुमच्या मूळ प्रश्नाचं सरळ उत्तर म्हणायचं तर हेच. कंपनीचं स्वतःचं लिनक्स ॲप मात्र काढूनच टाका, त्याचा किल स्विच टेलस्केललाही अडवू शकतो.

आता स्पीड. लोक प्लॅनचा आकडा सांगतात, ५० चा आहे, १०० चा आहे. तुम्हाला पाहिजे ते गावाकडचं अपलोड, आणि तेही रात्री नऊ वाजता, सगळा गाव मोबाईल घेऊन बसलेला असतो तेव्हा. वडिलांच्या मोबाईलवर नको, सर्व्हरला वायर लावून तपासा. साधारण चांगल्या १०८० च्या फाईलला ८ एमबीपीएसच्या आसपास लागते, ७२० ला तीन-चार पुरते, भजनाच्या ऑडिओला तर काहीच नाही. अपलोड ५ मिळत असेल तर जेलीफिनच्या डॅशबोर्डवर प्लेबॅकमध्ये बाहेरच्या स्ट्रीमिंगची मर्यादा ३ करून ठेवा. एक बारीक गोष्ट आहे, जेलीफिन १०० वाले टेलस्केलचे पत्ते बाहेरचे समजतो, म्हणून ही मर्यादा त्यांना लागू होते, आणि आपल्याला तेच पाहिजे. कोणीतरी सांगते म्हणून ते पत्ते लोकल नेटवर्कच्या यादीत टाकू नका, मर्यादा निघून जाईल.

मर्यादा लावली की मोठी फाईल लहान करून पाठवायला सर्व्हरला ट्रान्सकोड करावं लागते, आणि तिथे जुना डेस्कटॉप दम टाकतो. इंटेलचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर क्विक सिंक (प्रोसेसरमधलीच व्हिडिओची सोय) एचईव्हीसी प्रकारचा व्हिडिओ उचलतो, सातव्यापासून १० बिटवालाही. तिसऱ्या-चौथ्या पिढीचा असेल तर एचईव्हीसीची फाईल लावली की फॅन ओरडायला लागेल आणि चित्र थांबेल. मी अशा घरी एक सोपं काम करतो, सगळा घरचा माल एकदाच एच.२६४ या प्रकारात, ७२० ला, ३ एमबीपीएसनं करून ठेवतो, जुन्या डीव्हीडीला तर तेवढंही लागत नाही. काही रात्री मशीन चालते आणि मग कायमचं ट्रान्सकोडिंग संपते, कोणत्याही मोबाईलवर तशीच फाईल चालते. मूळ फाईली वेगळ्या डिस्कवर, त्या पुसायच्या नाहीत. वडिलांच्या मंडळातले जे म्हातारे आता नाहीत त्यांचा आवाज त्या मूळ फाईलीतच आहे, भाऊ, ती परत कोणी गाऊन देणार नाही.

व्हीपीएनचं एका दुपारचं काम आहे. गावात सर्व्हर खरा बंद पडतो तो लाईनीमुळे, म्हणजे विजेमुळे, आणि याचं कोणी विचारतच नाही, म्हणून मी जरा लांब सांगतो. पहिले मशीनच्या बायोसमध्ये (चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन पॉवर आल्यावर आपोआप चालू हो, ही सेटिंग करा. नाहीतर रात्री दोनला लाईन जाते, अडीचला येते आणि तुमचा सर्व्हर बटण दाबेपर्यंत झोपलेला. हे पुण्यातून होत नाही, गावी जाल तेव्हा करायचं. दुसरं, बाहेरची यूएसबी डिस्क असेल तर लिनक्सच्या माउंटच्या, म्हणजे डिस्क जोडायच्या फाईलमध्ये (fstab) तिच्या ओळीत नोफेल (nofail) लिहा. लाईन झटक्यानं आली की डिस्क कधीकधी उशिरा उठते, सिस्टीम दीड मिनिट वाट बघते आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसते, स्क्रीन जोडलेली नसते, घरच्यांना फक्त दिवा लागलेला दिसतो. वडील म्हणतात "डब्बा तं चालूच हाये ना बापा", आणि इकडे तुम्हाला काहीच दिसत नाही. नोफेल असलं की डिस्क नसली तरी मशीन वर येते, टेलस्केल वर येते, आणि मग बाकीचं तुम्ही पुण्यातून सुधारू शकता. दूरच्या सर्व्हरचं माझं गणित एवढंच आहे की काही बिघडलं तरी आत शिरायची वाट उघडी राहिली पाहिजे.

इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे एक बटण असते, यूपीएस मोड आणि साधा मोड. साध्या मोडवर लाईन बदलताना डेस्कटॉप रिस्टार्ट होतो. म्हणून लोक यूपीएस मोडवर टाकतात, पण त्या मोडला व्होल्टेज चांगलं लागते, आणि आपल्याकडे संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज इतकं उतरते की इन्व्हर्टर लाईन असूनही बॅटरीवर जातो, बॅटरी भरतच नाही, आणि रात्री खरी लाईन गेली की तासाभरात सगळं अंधारात. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे डेस्कटॉप काढून जुना लॅपटॉप किंवा छोटा मिनी पीसी लावायचा. लॅपटॉपचा ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्ट कशावरही चालतो आणि बॅटरी त्याच्यातच आहे, फक्त चार्जिंगची मर्यादा ६० ते ८० टक्क्यांवर बांधा, नाहीतर उन्हाळ्यात बॅटरी फुगते. विजेतही फरक पडतो, ६० वॅटचा डेस्कटॉप महिनाभर चालला की ४३ युनिट, १२ वॅटचा मिनी पीसी नऊच्या आत. राउटर आणि फायबरचा डब्बा बहुतेक १२ व्होल्टचे असतात, त्यांना राउटरवाला छोटा यूपीएस लावून द्या. पण आधी केबलवाल्याला विचारा की त्याचं मशीन कुठे आहे आणि त्याला बॅकअप आहे का. मधे कोणाच्या घरी त्याचा स्विच बसवलेला असेल आणि तिथे बॅटरी नसेल तर तुमचा यूपीएस नुसता दिवा जाळेल. घर गावठाणात असेल तर बरं, वावरात असेल आणि शेतीच्या फीडरवर असेल तर लाईन तासांवर मिळते, तिथे चोवीस तासांचा सर्व्हर मी लावूच नका म्हणतो.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, टिनाखाली नाहीतर माळ्यावर सर्व्हर ठेवला तर डिस्क जाणार. खालच्या खोलीत, भिंतीपासून हातभर दूर, जमिनीवर नाही. आणि दिवाळीनंतर कापूस घरात भरला की त्याचे तंतू फॅनमध्ये जाऊन नमद्यासारखा थर बसतो. मी एक कॅबिनेट उघडलं होतं, हीटसिंक दिसतच नव्हता, बोटानं सोलून काढावा लागला. कापूस ज्या खोलीत त्या खोलीत सर्व्हर नको. मृगात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढायला सांगून ठेवा, फायबरमधून करंट येत नाही पण छतावरच्या रिसीव्हरपासून तांब्याची लॅन केबल खाली येत असेल तर येते, एका घरी राउटर, स्विच आणि टीव्ही एकाच कडाक्यात गेलेले मी पाहिले.

टेलस्केलमध्ये मशीनची चावी १८० दिवसांनी संपते, परत लॉगिन करावं लागते, आणि गावी ते कोण करणार. म्हणून त्यांच्या ॲडमिन पानावर जाऊन फक्त सर्व्हरसाठी ही मुदत बंद करा. मोबाईल-लॅपटॉपसाठी राहू द्या. हे विसरल्यामुळे बरोबर सहा महिन्यांनी बंद पडलेले सर्व्हर मी पाहिलेत, आणि लोक तोपर्यंत विसरून गेलेले असतात की टाकलं काय होतं. वडिलांसाठी डब्ब्यावर एक कागद चिकटवा, मोठ्या अक्षरात, कोणता प्लग कोणाचा, आणि पहिले राउटर मग डब्बा. त्यांना फोनवर सेटिंगा सांगू नका, त्यांच्याकडून फक्त प्लग काढून परत लावणं एवढंच मागायचं.

आणि एक गोष्ट विचारून बघा, बघणारा जास्त कोण आहे? तुम्ही आणि पुण्यातली भावंडं जास्त बघत असाल तर सर्व्हर पुण्याला न्या. तिथे लाईन टिकते, अपलोड मिळते, आणि गावी आईवडिलांना फक्त डाउनलोड लागेल, ते गावातही बरं असते. वाट तीच, टेलस्केल, फक्त डब्ब्याची जागा बदलते. गावी मंडळाचं नवीन रेकॉर्डिंग होत राहते म्हणून तिथे काहीतरी पाहिजेच, तर तो जुना लॅपटॉप ठेवा आणि सिंकथिंग (दोन मशीनवरच्या फाईली सारख्या ठेवणारं सॉफ्टवेअर) लावा, रात्री हळूहळू नवीन फाईल पुण्याला जात राहील. लाईन गेली तर जिथे थांबली तिथून पुढे चालू होते, पहिल्यापासून नाही. पहिला दीड टीबी मात्र नेटवरून पाठवायच्या भानगडीत पडू नका, ५ एमबीपीएसनं तो महिनाभर चालेल, पुढच्या वेळी गावी गेले की डिस्कच घेऊन या. यात एक फायदा असाही आहे की भजनाच्या दोन प्रती होतात, एक गावी एक पुण्यात, आज तुमच्याकडे एकच आहे.

तर आज एवढं करा. विकतचा व्हीपीएन सर्व्हरवरून काढा, त्यासाठी वडिलांना शेवटचा एक फोन लागेल. बाहेरून जेलीफिन उघडलं की, पुण्यातून सर्व्हरच्या आत शिरायची सोय असेल तर त्याच वेळी, नसेल तर गावी जाल तेव्हा टेलस्केल टाका, १०० वाल्या पत्त्यावरून चालते याची खात्री करा, आणि मगच ८०९६ बंद करा. उलट्या क्रमानं केलं तर स्वतःच बाहेर अडकाल. मग मला तीन गोष्टी लिहा, राउटरवर वॅनचा पत्ता कोणत्या आकड्यानं सुरू होते, रात्री नऊचं अपलोड किती आलं, आणि डेस्कटॉपचा प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे. त्यावरून सर्व्हर गावी ठेवायचा की पुण्याला न्यायचा ते सांगतो.